लातूरच्या रस्त्याला कॉइलओव्हर झेपतील का? (ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय)

काळी_माती
राम राम मंडळी. दोन वर्षं नुसता वाचायलो होतो, आज पहिलाच धागा काढायलो, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, २०१६ ची, सेकंडहँड घेतलेली, आता ९४ हजार झाले. १८० पीएसची गाडी आहे, ओढायला तक्रार नाही. पण मागचे दोन्ही शॉकअप तेलानं ओले झालेत आणि पुढचा डावा ब्रेकरवर टक टक वाजायलाय. कंपनीचे चार शॉकअप, वरचे माउंटिंग, बंप स्टॉप, मजुरी असं सगळं धरून जो आकडा आला तो ऐकून मनात किडा वळवळला की अजून थोडे घालून कॉइलओव्हरच (गाडीची उंची वर खाली करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) का टाकू नयेत. वर्षभर व्हिडिओ बघून बघून तसंही डोकं फिरलेलंच आहे.

वापर सांगतो. रोज लातूर शहरात दहा बारा किमी, महिन्यातून दोनदा पुणे, मुरूड बार्शी टेंभुर्णी मार्गे, कधी अंबाजोगाई केज करून बीडला. आणि दर रविवारी गावाकडं, रेणापूर तालुक्यात, शेवटचे ४ किमी कच्चा रस्ता तोही काळ्या रानातून. जाताना आई, आण्णा, बायको, लेकरू, येताना डिकीत तूर नाहीतर ज्वारीचं पोतं. गाडी फार खाली करायची हौस नाही, २०-२५ मिमी बास. वळणावर जी बोटीवानी कलते आणि १०० च्या पुढं मागून जी डुलते ते गेलं पायजे. टाकू का नको?

हिंगोलीची_हळद
कॉइलओव्हर नको, मागं ट्रॅक्टरचे टायर टाक. धागा संपला, घरी जा.

परभणीकर
"जगात जर्मनी, भारतात परभणी" उगाच म्हणत नाहीत. जर्मन शॉकअपची आणि आपल्याकडच्या रस्त्याची गाठ एकदा पडूच दे. टाक राजा. मी शेंगदाणे घेऊन बसलो.

नांदेडचे_नाना
पोरांनो हसू नका, मी हे सगळं करून बसलेलो माणूस आहे. ९६ ची एस्टीम होती माझी. तेव्हा कॉइलओव्हर बिलओव्हर कुणाला माहीत, स्प्रिंगचे वेढे कापायचे एवढंच माहीत. मी एका वेल्डिंगवाल्याकडं गेलो, त्यानं गॅस कटर लावून चारी स्प्रिंगचा दीड दीड वेढा उडवला, पंधरा मिनिटात काम, वर चहा पाजला. गाडी काय दिसायची म्हणता! आठ दिवस. मग उजवी बाजू आपोआप खाली बसायला लागली. नंतर एका जाणत्या मिस्त्रीनं सांगितलं की गॅसच्या उष्णतेनं स्प्रिंगचं पाणी गेलं, ती आता स्प्रिंग नाही, वाकडी सळई आहे.

पुढची गंमत लोह्याला एका लग्नाला जाताना. पाच जण, वर आहेराचं सामान. गावाच्या तोंडाशी लोकांनी स्वतः घातलेला गतिरोधक, त्याच्यावर गाडीचं पोट टेकलं आणि इंजिनखालचं ऑईलचं चेंबर फुटलं. सगळं ऑईल रस्त्यावर. नवरदेवाचे मामा आम्ही, पोचलो ते उसाच्या ट्रॉलीत बसून.

हिंगोलीची_हळद
नाना हहपुवा (हसून हसून पुरेवाट). ट्रॉलीतून उतरल्यावर अक्षता होत्या का संपल्या?

नांदेडचे_नाना
पंगत उठली होती.

काळी_माती
नाना, कापायचं तर स्वप्नात पण नाही. किटच टाकायचं.

वाळूज_लाईन_दोन
मी वाळूजला शॉकअपच्या लाईनवर १३ वर्षं आहे. दुचाकीचे बनवतो, पण तेल, पिस्टन आणि बारीक भोकं सगळीकडं तीच, म्हणून चार शब्द लिहितो.

कॉइलओव्हर म्हणजे जादू नाही. शॉकअपच्या नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात, त्या आट्यावर एक रिंग फिरते, रिंगेवर स्प्रिंग बसते. रिंग वर घेतली की गाडी वर, खाली घेतली की खाली. तुमच्या गाडीला पुढं मॅकफर्सन (स्प्रिंग नि शॉकअप एकाच खांबात) आहे, तिथं हे तंतोतंत असंच बसतं. मागं १.८ ला मल्टिलिंक, म्हणजे स्प्रिंग वेगळी नि शॉकअप वेगळा, किटमध्येही ते वेगळेच येतात, उंचीची रिंग स्प्रिंगच्या बैठकीत येते. आणि मागची स्प्रिंग चाकापासून बरीच आत आर्मवर (चाक धरणाऱ्या दांड्यावर) बसलेली असते, त्यामुळं रिंग १० मिमी फिरवली की गाडी १० मिमीच खाली जाईल असं समजू नका, जास्त जाते. हे विसरून लोक मागून गाडी बसवून ठेवतात.

एक गैरसमज जागोजागी ऐकतो, की रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते. नाही होत. ६ किलोची स्प्रिंग म्हणजे १ मिमी दबायला ६ किलो लागतात, रिंग कुठंही असू द्या. तारेची जाडी, वेढ्याचा घेर आणि वेढे किती, यावर ते ठरतं. नानांनी वेढे कमी केले तेव्हा स्प्रिंग खरंच कडक झाली (पाणी गेलं ते वेगळं), पण शॉकअप राहिला जुन्या मऊ स्प्रिंगच्या हिशोबाचा, मग ती स्प्रिंग त्याला आवरत नाही आणि गाडी उड्या मारते. खाली केलेली गाडी कडक लागते त्याचं अजून एक कारण म्हणजे बंप स्टॉपच्या रबरापर्यंतचं अंतर कमी उरतं, जरा मोठा धक्का आला की रबरावर आदळते. लोक त्यालाच स्पोर्टी म्हणतात.

आता आपल्याकडचं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचं डांबर तिच्याबरोबर वरखाली होतं. म्हणून आपला रस्ता खड्डा नसला तरी लाटांचा असतो. खड्डा एकदा मारून मोकळा होतो, लाटा मागोमाग येत राहतात. शॉकअपला दम खायला वेळ नाही, आतलं तेल तापतं, साध्या दोन नळीच्या शॉकअपमध्ये तेलात हवा मिसळून फेस होतो आणि मग तो दाबला काय नि सोडला काय, जोरच उरत नाही. एका नळीच्या गॅस शॉकअपमध्ये तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये वेगळा पिस्टन असतो, तिथं हा त्रास फार कमी. तुमची १०० च्या पुढची डुलकी ही मेलेल्या शॉकअपची आहे, उंचीची नाही. माझं मत: पैसे शॉकअपच्या आतल्या कामाला घाला, बाहेरच्या आट्याला नाही.

काळी_माती
साहेब हे कुणीच असं सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

पुणे_रिटर्न
तुम्ही लोक फारच सिरीयस घेता राव. मी सेडानवर ५५ मिमी ड्रॉप केलाय, १८ इंची व्हील, मडगार्ड आणि टायरच्या मध्ये बोट जात नाही. लुक म्हणजे लुक. हँडलिंग पण गो कार्टसारखं झालंय. ब्रेकरवर तिरकी घ्यायची, सवय होते. लाईफ एकदाच आहे.

सिडको_ताई
तिरकी घ्यायची ठीक, पण मागं ऊसाची ट्रॉली हॉर्न मारत असताना तिरकी घेऊन दाखव.

वाळूज_लाईन_दोन
@पुणे_रिटर्न, हौसेला मोल नाही, पण हँडलिंगचं म्हणाल तर थोडं थांबा. मॅकफर्सनमध्ये गाडी फार खाली केली की खालचा आर्म आडवा राहत नाही, बाहेरचं टोक वर जातं. त्यामुळं गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनकेंद्रापेक्षा जास्त वेगानं खाली जातो. म्हणजे दोघांतलं अंतर वाढतं, गाडीला कलायला उलट जास्त तरफ मिळते. तुमची कलत नाही कारण स्प्रिंगा दगडासारख्या आहेत. २०-२५ मिमीत हे फार होत नाही, ५५ मध्ये होतं.

पुणे_रिटर्न
ओके सर. पण लुक??

परभणीकर
लुकला उत्तर नाही वाळूजकरांकडं. १-० पुणे.

मांजरसुंबा_घाट
माझ्याकडं लॉरा आरएस होती, २०११ ची. तिला उंची बदलणारं किट १४ महिने वापरून काढून टाकलं, म्हणून लिहायलो.

पहिले चार महिने स्वर्ग. मांजरसुंब्याच्या घाटात जी गाडी आत खेचून घ्यायची, शब्द नाहीत. मग पावसाळा आला. शेताच्या वाटेचा चिखल त्या आट्यात भरला, वाळला, त्याच्यावर अजून चिखल. दिवाळीला बहिणीकडं जायचं होतं, म्हणलं गाडी १५ मिमी वर घेऊ. रिंग हलेचना. पाना सटकून हाताचं साल निघालं. शेवटी डिझेल सोडून रात्रभर ठेवली, सकाळी छिन्नीनं ठोकून फिरवली आणि त्यात रिंगेचे दात गेले. त्यानंतर उंची बदलायची सोय नावालाच. म्हणजे ज्या गोष्टीचे जास्तीचे पैसे दिले तीच वापरली नाही.

नंतर बिल्स्टीन कंपनीचे बी६ शॉकअप टाकले, ओरिजिनल स्प्रिंगवरच. उंची कंपनीची तीच, पण डुलणं गेलं, गाडी रस्त्याला चिकटली. काळी_माती, तुझा वापर बघता तुला तेच सांगेन. खाली करायचीच असेल तर कमी उंचीच्या स्प्रिंगांसाठी आखूड दांड्याचे बी८ असतात. कॉइलओव्हर ज्याला रोज पान्याशी खेळायला वेळ आहे त्यानं घ्यावेत.

काळी_माती
भाऊ तुमचं पटायलंय आणि पटू नये असं वाटायलंय :)

हिंगोलीची_हळद
हीच तर प्रेमाची व्याख्या.

जालन्याची_सळई
आमच्या जालन्यात ये, सळई फुकट देतो, तूच वळ स्प्रिंग.

मस्करी जाऊ दे. समृद्धीवर नियमित असतो, जालना ते नागपूर. तिथं वेगळंच प्रकरण आहे. रस्ता काँक्रीटचा, सपाट, पण ठराविक अंतरावर सांधे. १२० ची मर्यादा आहे, त्या वेगात कडक स्प्रिंगची गाडी सांध्यांवर एका तालात टप टप टप नाचायला लागते. मित्राच्या गाडीत मागं बसून गेलो तर सिंदखेडराजापासून मेहकरपर्यंत मान हलत होती, जणू प्रत्येक गोष्टीला हो म्हणतोय. मऊ गाडीत हे कळत पण नाही. तुझा रस्ता काँक्रीटचा आहे का डांबरी ते बघून स्प्रिंग निवड.

सिडको_ताई
मी व्हेंटोला पुढचं मागचं किट स्वतः बसवलंय, भावाला हाताशी घेऊन, संभाजीनगरला आमच्या गच्चीखालच्या पार्किंगमध्ये. लोकं फिटिंगचं कुणी लिहीतच नाहीत, नुसतं घ्या नका घेऊ, म्हणून सविस्तर.

आधी मोजा. चारी चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर टेप धरायची आणि आकडे भिंतीवर लिहायचे. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेनं आकडा बदलतो.

गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर हात आत घालायचा नाही म्हणजे नाही. पुढं चाक काढलं की लिंक रॉड सुटा करा, एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाईप स्ट्रटच्या (पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या खांबाच्या) क्लिपमधून मोकळे करा. ब्रेकचा पाईप ओढला जाऊ देऊ नका, कॅलिपर काढला तर तारेनं टांगून ठेवा. फोक्सवॅगन स्कोडाला स्ट्रट खाली नकलच्या (चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या भागाच्या) पकडीत घट्ट बसलेला असतो, ती पकड एका बाजूनं चिरलेली असते, त्या चिरेत पाचर घालून फिरवायची की जबडा उघडतो. आम्हाला ती पाचर मिळाली नाही म्हणून भावानं छिन्नी घातली, निभावलं, पण पाचरच आणा. हातोड्यानं नकल बडवू नका, आत बेअरिंग आहे.

जुनी स्प्रिंग उतरवताना कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी सारखा आवळायचा आणि तोंड समोर न्यायचं नाही. दबलेली स्प्रिंग सुटली की माणूस जातो, हे मी मस्करीत लिहीत नाही. ज्याला याची भीती वाटते त्यानं एवढा भाग गॅरेजमध्ये करून घ्यावा, लाज नाही त्यात. नवीन किटच्या स्प्रिंगा आखूड असतात, त्या बहुतेक हातानंच बसतात.

वरचं नट लावताना एअर गन मारायची नाही. दांडा गरगर फिरतो, आतलं सील खराब होतं आणि नवा शॉकअप महिन्यात ओला. दांड्याला वर अ‍ॅलन की चं भोक असतं, ते धरून पान्यानं आवळायचं. वरचं बेअरिंग आणि रबर नवीनच टाका, ९४ हजारावर जुनं परत बसवणं म्हणजे नवी साडी नि जुना फॉल.

बोल्टांचं एक. या गाड्यांचे बरेच बोल्ट आधी ठराविक टॉर्क आणि मग वरून ९० अंश असे आवळायचे असतात, म्हणजे ते ताणले जातात, एकदाच वापरायचे. नवीन सेट आणा.

आणि सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथं: आर्मच्या बुशचे बोल्ट चाक हवेत लटकत असताना पक्के करायचे नाहीत. सैल लावायचे, आर्मखाली जॅक देऊन चाक रोजच्या उंचीला आणायचं आणि मग आवळायचं. नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं, सहा महिन्यात फाटतं, आणि मग शिव्या किटला.

सकाळी नऊला सुरू केलं, रात्री साडेनऊला संपलं. आईनं दोनदा जेवण खाली आणून दिलं, तिसऱ्यांदा म्हणाली आता गाडी वर आणा नाहीतर तुम्ही वर या.

वाळूज_लाईन_दोन
ताई, आमच्या लाईनवर जागा निघाली तर कळवतो.

सिडको_ताई
पगार सांगा आधी :)

नांदेडचे_नाना
ही पोरगी ९६ ला भेटली असती तर मी पंगतीला वेळेवर पोचलो असतो.

मांजरसुंबा_घाट
ताईंच्या पोस्टीत एक जोडतो. आटे कोरडे ठेवू नका, बसवतानाच कॉपर ग्रीस लावा, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा बाहीसारखा चढवला तरी चालतो. मी लावलं नव्हतं, भोगलं.

धाराशिवचे_वकील
कायद्याचं कुणी बोलेना म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत जी माहिती आहे ती निर्मात्यानं मुळात ठरवलेल्यापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ मध्ये मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. आता स्प्रिंगची उंची काही आरसी बुकात लिहिलेली नसते, रंग, इंजिन, आसनं तशी असतात. पण रस्त्यात उभं राहून हवालदाराला हा युक्तिवाद ऐकवणं सोपं नाही, फी मी घेतो :)

खरी भीती विम्याची. बदल कळवला नाही आणि अपघातानंतर सर्व्हेयरला चकचकीत रंगीत स्प्रिंगा दिसल्या की क्लेमचं घोडं तिथंच अडतं. लेखी कळवा, ईमेल जपून ठेवा.

हिंगोलीची_हळद
काळा रंग मारा स्प्रिंगांना, वकीलसाहेब. (हा कायदेशीर सल्ला नव्हे.)

परभणीकर
अवांतर: हवालदाराचं सोडा, गतिरोधकाचा काही नियम आहे का नाही? आमच्याकडं पाथरी रोडला एका गावात पाच आहेत, प्रत्येकाचा आकार वेगळा, एक तर सरळ भिंतच.

वाळूज_लाईन_दोन
आहे ना. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९९ आहे. गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटीमीटर उंच, २५ च्या वेगानं आरामात जाता यावं असा. ३.७ मीटर म्हणजे तुमच्या ऑक्टाव्हियाच्या दोन चाकांमधल्या अंतरापेक्षाही जास्त, अख्खी गाडी त्याच्यावर हळूच चढून उतरते, पोट टेकायचा प्रश्न नाही. आपल्याकडचे असतात हातभर रुंद.

परभणीकर
म्हणजे गाडी बरोबर आहे, ब्रेकर बदलायला पाहिजे. कॉइलओव्हर ब्रेकरलाच बसवा, वर खाली करता येतील.

जालन्याची_सळई
दुसरं अवांतर: काळी_माती, तुझी ऑक्टाव्हिया आपल्या शेंद्र्यातच (संभाजीनगरजवळच्या स्कोडाच्या कारखान्यात) जुळवलेली आहे. माझा साडू तेव्हा तिथं लाईनवर होता. त्याला विचारलं तर म्हणला आम्ही बरोबरच बसवलं होतं, त्याला सांग खोलू नको.

काळी_माती
साडूंना नमस्कार सांगा. सगळ्यांचं वाचून ठरवलं: बी६ घेतो. मांजरसुंबा भाऊ जिंकले.

काळी_माती
(अडीच महिन्यांनी)
मंडळी, धागा वर काढायलो. शिव्या द्या, पण कॉइलओव्हरच घेतले.

झालं असं की पुण्यातल्या एकानं न उघडलेलं किट विकायला काढलं, त्यानं गाडीच विकली होती. किटचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात. ३० क्लिकचं आहे, वर एक खुंटी, ती फिरवली की दाबायचा नि सुटायचा दोन्ही जोर बदलतो, पण जास्त फरक सुटायच्या जोरालाच. घेण्याआधी एक गोष्ट तपासली ती इतरांसाठी लिहितो: या प्लॅटफॉर्मच्या गाड्यांत पुढच्या स्ट्रटचा नकलमध्ये बसणारा व्यास ५० मिमी नाहीतर ५५ मिमी असतो, आणि मागं मल्टिलिंक का साधा बीम (दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी पट्टी), हे दोन्ही बघूनच किट घ्यावं लागतं. कॅलिपरनं मोजलं, जुळलं, घेतलं.

बसवायला सिडको ताईंची पोस्ट छापून गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री आधी हसला, मग खिशात घालून ठेवली त्यानं. पाचर होती त्याच्याकडं. बुश जॅकवर उंचीला आणून आवळायला मात्र त्याच्या डोक्यावर उभं राहावं लागलं. पुढं २२, मागं २० मिमी खाली ठेवली. कॉपर ग्रीस, ट्यूबची बाही, सगळं केलं. दंड भरायची तयारी ठेवली आहे, विम्याला ईमेल केलाय, उत्तर यायचंय.

पहिला पुणे दौरा: वाईट. लई वाईट. शहरात छान, वळणावर छान, कलणं गेलं. पण बार्शीच्या अलीकडं त्या लाटांच्या पट्ट्यात गाडी प्रत्येक लाटेला अजून खाली अजून खाली बसत गेली आणि शेवटी रबरावर धाडकन. आई गप्प होती. आण्णा मागून म्हणाले, बैलगाडी बरी होती, तिला निदान पेंढा तरी घालायचो. मला वाटलं स्प्रिंगच कमी पडायली, आता अजून कडक घ्याव्या लागतात. पैसे गेले म्हणून परत येताना मी कुणाशीच बोललो नाही.

वाळूज_लाईन_दोन
किती क्लिकवर आहे?

काळी_माती
मिस्त्रीनं फुल कडकपासून ५. म्हणला स्पोर्टी.

वाळूज_लाईन_दोन
तिथंच घोळ आहे. सुटायचा जोर इतका ठेवला की एका लाटेला दबलेली स्प्रिंग पूर्ण उघडायच्या आत दुसरी लाट येते. मग ती अर्ध्या दबलेल्या अवस्थेतून पुन्हा दबते, तिसऱ्या चौथ्या लाटेला गाडी स्वतःच खाली खेचली जाते. स्प्रिंग बदलू नका. अजून दहा क्लिक मऊ करा आणि त्याच पट्ट्यातून जा. गाडी तरंगायला लागली तर दोन क्लिक परत. आणि चारशे पाचशे किमी झाले असतील तर उंची परत मोजा, स्प्रिंगा थोड्या बसतात, मग अलाइनमेंट पुन्हा करा.

मांजरसुंबा_घाट
मला हे कुणी सांगितलंच नव्हतं रे. मी १४ महिने फुल कडक चालवली.

पुणे_रिटर्न
थांबा, मी पण बघतो माझे किती आहेत.

काळी_माती
(पुढच्या सोमवारी)
वाळूजकर, पाय कुठायत. १६ व्या क्लिकवर आणली. बार्शीच्या त्याच पट्ट्यातून ८० नं गेलो, एकदा पण रबर लागलं नाही. उंची पुढं ४ मिमीनं बसली होती ती सारखी केली, अलाइनमेंट दुसऱ्यांदा केली, स्टेअरिंग जरा उजवीकडं ओढायचं ते गेलं. आणि आण्णा मुरूडच्या पुढं झोपले ते टेंभुर्णीला चहाला उठवले तेव्हा उठले. याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट आमच्या घरात नाही.

गावच्या रस्त्याचं खरं सांगतो, तिथं हार मानली. शेवटचे ४ किमी पहिल्या गिअरमध्ये, आणि पावसाळ्यात गाडी फाट्यावर लावून चुलत्याचा ट्रॅक्टर. तूर पण ट्रॅक्टरनंच येते फाट्यापर्यंत. बी६ घेतले असते तर ते झेपलं असतं हे मांजरसुंबा भाऊंना लेखी देतो.

हिंगोलीची_हळद
म्हणजे शेवटी ट्रॅक्टरचेच टायर लागले. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

नांदेडचे_नाना
अभिनंदन बाळा. जुन्या स्प्रिंगा फेकू नकोस पण. ट्रकचे पाटे असते तर कोयते नाहीतर विळे करून घेता आले असते, स्प्रिंगचं काय होत नाही, तरी ठेव, गाडी विकताना कामाला येतात.

काळी_माती
नाना, तीन ठेवल्यात पोत्यात बांधून माळ्यावर. चौथी आईनं घेतली, माठाखाली ठेवलीय. मागची. पुढची उंच होते म्हणाली.